आबांनी टाकलेलं नाव

मारुंजी,
६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबा,

सोनालीचा नमस्कार. काळी शेळी व्यायली, दोन करडं झाली. आई म्हणते, नेऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्यात त्या पंधरा दिवस तरी उठणार नाहीत. मी फोन केला की तुम्ही तो बिरदेवकाकाकडे देता, म्हणून त्याच्याच हाती ही चिठ्ठी देते. अक्षर मोठं काढलंय, स्वतः वाचा.

क्लासमधलं माझं अ‍ॅप आठवडाभर अडलं होतं, आता चालतं. आम्ही लिहिलेल्या फायली गोळा करून मशीन त्यांचं अ‍ॅप बांधतं, त्याला बिल्ड म्हणतात. त्यासाठी ते प्रत्येक फायलीचा पत्ता वाचतं. मध्ये मोकळी जागा आली की पत्ता संपला असं समजतं, आणि मराठी अक्षरांपुढं तर हातच टेकतं. त्या पत्त्यात लॅपटॉपच्या मालकाचं नाव येतं, आणि माझ्या प्रत्येक पत्त्यात 'आबाची लाडकी सोनाली' होतं. लॅपटॉप घेताना तुम्हीच दुकानदाराला म्हणाला होतात, "असंच टाक. पोरीला रोज दिसलं पायजे."

त्या दिवशी चूक शोधायला मेधा मॅडमनी माझा स्क्रीन भिंतीवर लावला. लाल ओळींत तेच नाव वीसदा. पोरं हसली. मी म्हणाले, "दुकानदारानं चुकून टाकलंय. आमच्या आबांना त्यातलं काय कळतंय?"

क्लास सुटल्यावर दाराबाहेर चपलांजवळ तुमच्या उपरण्यात बांधलेला डबा दिसला. भाकरी अजून कोमट होती. तेव्हापासून तुम्ही घरी जेवायला आला नाहीत.

आबा, मला तुमची लाज वाटली. म्हणून खोटं बोलले. दुसरं काही कारण नाही.

मॅडम म्हणाल्या, नवं साधं इंग्रजी नाव टाक, दोन मिनिटांचं काम. मला ते करवेना. मग मी प्रोजेक्ट आणि त्याला लागणारं सगळं उचलून त्या नावाबाहेरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये नेलं, आणि बिल्ड झालं. नाव आहे तिथंच आहे.

काल सगळ्यांसमोर उभी राहिले आणि दुकानदाराचं मी खोटं सांगितलं होतं, हे नाव माझ्या आबांनी टाकलंय, असं सांगितलं. शेजारच्या शेखरनं विचारलं, तुझे आबा करतात काय? मेंढ्या राखतात, म्हणाले. सहा महिन्यांत हे मी तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी आम्ही आपापलं अ‍ॅप दाखवणार आहोत. घरची माणसं येतील. मेंढ्या काका बघेल, त्याला विचारून ठेवलंय. घोंगडं खांद्यावर टाकून तसेच या. रागात आलात तरी चालेल, पण पुढं बसा.

तुमच्या एका हाकेसाठी आसुसलेली,
सोनाली