बागेच्या नळाचं पाणी

३ मार्च
आलो एकदाचे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या, समोर हिरवळ. नाक दाबून राहावं लागेल ही बायकोची भीती फोल ठरली. शुद्ध केलेलं पाणी क्लोरीन घालून लगेच बागेला जातं. पिण्याचं नाही, पण अंगावर उडालं तर बिघडत नाही, असं साहेब म्हणाले. रोज नमुना तपासून सही करायची, एवढंच माझं काम. इतकी वर्षं डेअरीत दूध तपासलं, आता पाणी. आमची ठमी, वय वर्षं पाच, फवाऱ्याखाली नाचून आली आणि ही नोकरी आपल्याला पसंत असल्याचं तिनं जाहीर केलं.

१० मार्च
आधीचे तपासनीस भलतेच गबाळे. नमुन्याच्या प्रत्येक बाटलीच्या तळाशी पांढरी पूड. दोन दिवस खपून चाळीसच्या चाळीस बाटल्या घासून लख्ख केल्या. तेव्हापासून एकही जंतू सापडलेला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

१९ मार्च
माळ्याच्या दोन्ही नाती आजारी. ठमीलाही जुलाब. माळ्याला पाण्याचा संशय. मी छातीठोकपणे तपासणीची वही दाखवली आणि मुलींना उघड्यावरचं खायला घालू नका, असं वर सुनावलं.

२२ मार्च
ठमी इस्पितळात. जुलाबातून रक्त. लघवी जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं— पाण्याचा अहवाल आजही स्वच्छ.

२३ मार्च
आधीच्या तपासनीसांना फोन केला. पूड मुद्दाम घातलेली असते म्हणाले, क्लोरीनला थांबवायला. नाहीतर तो बाटलीतल्या बाटलीत जंतू मारत राहतो, आणि तपासेपर्यंत काही उरत नाही. बागेत मात्र पाणी लगेच उडतं, जंतू मरायच्या आत.
मी घाण समजून—
पूड घालून नमुना लावला.

२४ मार्च
बशीभर जंतूंचे ठिपके. मोजता येईनात. फवारे बंद करवले. साहेबांना सांगितलं. बायकोला नाही.

२५ मार्च
फवारे बंद केल्याचं कळून बायको रडत होती. म्हणे, आपण ठमीला एकदा फवाऱ्यातून ओढून आणलं होतं. तेव्हा ठमी म्हणाली, "बाबांनी सही केलीय ना." म्हणून परत जाऊ दिलं. सगळी चूक आपलीच, असं म्हणत माझीच माफी मागत होती. मी नुसते तिचे डोळे पुसले.

२६ मार्च
ठमी कालपासून शुद्धीवर नाही. तिच्या खोलीबाहेर बाकावर बसलोय. आत जाऊन बायकोला सांगणार आहे. तू नाहीस गं. मीच—
दार उघडलं. ती आली. हातात ठमीचे कपडे, नीट घडी घालून—