जमादार खात नाही

लोणखेडा, ता. शहादा
फाल्गुन वद्य अष्टमी, शके १८६५

प्रिय पतिराज यांस जसोदेचा नमस्कार.

लष्करात मोटार हाकायला निघालात तेव्हा तुम्ही मला दोनच कामं सांगितली होती. आईंच्या डोळ्यांत रोज औषध घालायचं आणि जमादाराकडे लक्ष ठेवायचं. आईंचं सोपं आहे, दुखलं की त्या बोलतात. जमादाराचं मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. गोमाईच्या पात्रातून तुम्ही ते ओंजळीएवढं कासव धोतराच्या सोग्यात आणलंत, तेव्हा मला वाटलं होतं, याला काय करायचं असतं, दगडासारखं तर पडून राहतं.

तुम्ही होतात तेव्हा तो सकाळी अंगणातल्या पाण्याच्या डोणीतल्या दगडावर चढून उन्हात पाय ताणून बसायचा. ऊन चढलं की पाण्यात उतरायचा आणि काठाकाठानं फेऱ्या घालायचा. गस्त घालतो म्हणून तुम्हीच त्याला जमादार केलंत. तुम्ही गेल्यावर तो डोणीच्या भिंतीला नखं घासू लागला, दिवसभर. मला वाटलं, तुमची आठवण काढतो. मी त्याच्याजवळ बसून चार शब्द बोललेसुद्धा. मग दोधू भोई मासळी घेऊन आला, त्यानं पाण्यात बोट बुडवलं आणि हसला. म्हणाला, "पानी तपी गयं, सावली कर." मी डोणीवर कडबा टाकला आणि जमादार शांत झाला. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

यंदा पौषात थंडी फार पडली. जमादारानं आधी खाणं सोडलं. पालक टाकून पाहिला, गांडुळं टाकली, दोधूनं दिलेली बारकी मासळी टाकली, सगळं तसंच पाण्यात सडलं. मग एका सकाळी पाहते तो पाय बाहेर लोंबलेले, डोळे मिटलेले. काडीनं टोचलं तरी हलला नाही. नाकाशी कोंबडीचं पीस धरलं, ते हललं, पण वाराही होता. आई म्हणाल्या, "मरी गयं ते. नदीमा सोडी ये." भाऊजींनी टोपली आणून ठेवली. मी म्हटलं, आज नको, उद्या. का म्हटलं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. दोधूला बोलावलं. त्यानं उलटून पाहिलं, हुंगून पाहिलं. "मरेल ऱ्हातं ते वास येता. थंडीमा निजेल शे," म्हणाला. मला धीर आला, तोच पुढे म्हणाला, "पन खातरी नई शे."

मी त्याला वाळलेल्या पाल्यात घालून सैपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. नऊ दिवस रोज कोणीतरी विचारायचं, अजून ठेवलंयस? मी मान हलवायची. दुपारी अंगणात उन्हात ठेवायचे, ऊन कललं की आत. दहाव्या दिवशी मागच्या पायाला बोट लावलं तर पाय किंचित आत गेला. मी कोणाला सांगितलं नाही, मलाच खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळा उघडला, तेव्हा आईंचा हात धरून त्याच्या मानेवर ठेवला. मग टोपली त्यांनीच उचलून गोठ्यात नेली.

तुम्हाला वाटेल, आता तरी मला तो कळला असेल. माघात तो चांगला खाऊ लागला, आणि शिमग्याच्या सुमारास पुन्हा खाणं बंद. मी घाबरून त्याला पाल्यात ठेवलं, ऊन दाखवलं. पण या वेळी तो निपचित नव्हता, उलट पाल्यातून सारखा बाहेर पडायला बघायचा, मागच्या पायांनी माती उकरायचा. न खाणं तेच, आणि वागणं अगदी उलट. शेवटी कंटाळून अंगणात सोडून दिला. तो शेवग्याच्या बुडाशी गेला, ओल्या मातीत खड्डा केला आणि पाच पांढरी अंडी घातली. तुमचा जमादार बाई निघाला. आई कितीतरी दिवसांनी हसल्या. दोधू म्हणतो, जोडीदाराशिवायची अंडी रिकामीच असतात, त्यातून काही निघणार नाही. मी तरीही माती नीट लोटली आणि वर काटे ठेवले. आता ती पुन्हा पालक खाते. मी अजून तिला तोच म्हणते, जीभ वळत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुमची पलटण होती ते सिंगापूर जपान्यांनी घेतल्यावर सरकारची तार आली. तुम्ही गेलात असं तीत नव्हतं, आहात असंही नव्हतं. बेपत्ता, एवढंच. त्याला दोन वर्षं झाली. भाऊजी मनाचे वाईट नाहीत, पण लोक त्यांना रोज विचारतात. त्यांनी प्रकाशा गावच्या गुरुजींशी बोलून ठरवलं, येत्या अमावास्येला तापीकाठी दर्भाचा पुतळा करून तुमची क्रिया उरकायची. मला सांगताना ते रडले. मी म्हटलं, मी येणार नाही. त्यांनी विचारलं, तुला काही कळलंय का? मला काहीच कळलेलं नाही, तेच तर मी त्यांना सांगत होते.

परवा मी एकटी नंदुरबारला गेले. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, जपान्यांच्या कैदेत बरेच शिपाई आहेत, सगळ्यांची नावं आलेली नाहीत. त्यानं कैद्यांना पाठवायचं एक कार्ड दिलं. त्यावर पंचवीसच शब्द लिहायचे, जास्त झाले तर पुढे जात नाही. ते पोचेल का, त्याला ठाऊक नाही. तुम्ही आहात का, मला ठाऊक नाही. म्हणून हे सगळं इथे लिहून काढलं, यातले कोणते शब्द कार्डावर घ्यायचे ते कळावं म्हणून. हे पत्र मी पेटीतच ठेवणार आहे. लिहीत होते तेव्हा आई येऊन शेजारी बसल्या. क्रियेला त्यांनीच होकार दिला होता, मुलाला पाणी मिळत नसेल या भीतीनं. बराच वेळ कार्डावरून बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यामा लिख, माय वाट देखी ऱ्हायनी." भाऊजी दारात उभे होते, त्यांनी ऐकलं आणि प्रकाशाला निरोप पाठवला की अमावास्येला येत नाही. आईंचे चार शब्द मी आधी लिहिले, त्यांच्याच बोलीत. उरले एकवीस. संध्याकाळ झाली तरी माझा एकही ठरत नाही.

तुमचीच,
जसोदा