वजीरची शिंगं

१९ जून

छापायला गेलं! माझं चित्र — मुखपृष्ठावर — शंभर प्रती! सकाळीच आमच्या वाचक-ग्रुपच्या रेश्माचा मेसेज. ‘मिरजेत छापखान्यात फाईल दिली बघ. आता देवालाबी बदलता यायचं न्हाई.’ मी चहा गाळत होते, अर्धा ओट्यावर गेला. काकी म्हणाली, ‘फोनात तोंड घातल्यावर च्या कपात कसा पडंल?’

धोंडूच्या गोष्टीच्या शंभर पुस्तिकांवर माझा वजीर बैल. बेंदराच्या सणाला नटवलेला, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. शेजारी धोंडू, कमरेवर हात ठेवून. आनंद झालाय. खरंच झालाय. पण माझं काही चांगलं झालं की मला आधी भीती वाटते. असं का, विचारायची सोय नाही.

२१ जून

शनिवार. फोनवरच्या ‘तिकटीवरची धोंडू’ या कथामालिकेचा नवा भाग आला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्यानं, दार लावून.

मागच्या जूनमध्ये ईरोडहून इथं विट्याला आले तेव्हा मला मराठी फक्त बोलता यायचं. शाळा सगळी तमिळमधून. पप्पांचं तिकडं सोनं-चांदी गाळायचं दुकान, खाली भट्टी, तीत सोनं वितळवायची मूस, वर आम्ही राहायचो. बारावी झाली तशी मम्मी म्हणाली, ‘पोरगी आता गावाकडं रुळू दे, पुढं सोयरीक तिकडंच करायची हाय.’ आणि मला काका-काकीकडं पाठवलं. ते दोघं भट्टीपाशी राहिले.

ईरोडला मी ‘सेटूची पोर’, म्हणजे परमुलखातल्या शेटजीची. इथं कॉलेजात ‘मद्राशीण’. दोन्ही नावं हसत हसतच घेतात लोक, तक्रार तरी कशी करणार?

मग फोनवर धोंडू सापडली. मेंढरं सोडून तिठ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकणारी बाई! जोडाक्षर आलं की मी अडायचे, तिच्यासाठी अडत अडत वाचलं. मग तिची चित्रं काढली. मग तिच्या वाचकांच्या ग्रुपमध्ये गेले — ‘तिकटीकर’, तीनशे बारा माणसं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, गाव कुठलं? मी लिहिलं — आटपाडी. सगळं बालपण आटपाडीत.

अगदीच खोटं नाही. पप्पांचं गाव तिकडंच आहे. मी तिथं आजवर एकूण सतरा दिवस राहिले. दोन लग्नं आणि एक बारावं.

२४ जून

आज काहीच झालं नाही. बरं वाटलं.

२७ जून

आलंच.

रेश्मानं हौसेनं मुखपृष्ठ ग्रुपवर टाकलं. बदाम, टाळ्या, फुलं. आणि साडेचारला लालासाहेब. हे म्हणजे ग्रुपमधलं खिल्लार बैलांचं कोर्ट. कधी भेटीला येत नाहीत, फोटोच्या जागी बैल, पण धोंडूच्या गोष्टीत कुठं दावं चुकलं, कुठं चारा चुकला, हे सगळं तेच सांगतात. त्यांनी लिहिलं —

‘चित्र लय झाक. पर ह्यो बैल खिल्लार न्हाई. शिंगं बघा. आपल्या मातीतली न्हाईत ही. काढणाऱ्यानं आटपाडीचा बाजार बघितलाय का कवा?’

मी फोन उशीखाली घातला. मग काढला. मग चित्र मोठं करून बघितलं.

बरोबर आहे त्यांचं! खिल्लाराची शिंगं बुडाशी जवळ जवळ, मागं जाऊन वर चढणारी, टोकाला भाल्यासारखी. माझ्या वजीरची जाड, बाहेर फाकून परत आत वळलेली, टोकाला टोक भिडायला आलेलं. ही कांगेयमची बैलं, ईरोडकडची. माझ्या शाळेच्या वाटेवर बांधलेली असायची. बैल म्हटलं की माझ्या हातातून तोच येतो, मला दुसरा बैल माहीतच नाही. विट्यात वर्ष झालं, पण मी रस्त्यानं मान वर करून चालते कुठं?

२८ जून

चित्र बैलगाडी शर्यतीवाल्यांच्या ग्रुपवर गेलं. ‘ह्यो बैल पळतूय का इडली खातूय?’ दोनशे जण हसले. मलाही हसू आलं, हेच वाईट.

आमच्या ग्रुपमधल्या जयराजनं विचारलं, ‘सोनम, तू नक्की आटपाडीचीच ना गं?’ पुढं हसरा चेहरा. मीही हसरा चेहरा पाठवला. 

हा ग्रुप गेला तर मला मराठीत कोण आहे? काकी आहे, तिला मी आवडते, पण तिला धोंडू माहीत नाही. ‘काय गं हसतीस एकटीच?’ म्हणते. ज्या माणसांना मी का हसते ते कळतं, ती सगळी तिथं आहेत. आणि त्यांना मी पहिल्याच दिवशी थाप मारली.

४ जुलै

रोज शिंगं काढते. फोटो समोर ठेवला की जमतात. फोटो बाजूला केला की परत फाकतात. वहीची अकरा पानं. दीड हात अंतरावर काकी भाकरी थापत होती, म्हणाली, ‘बैलाचं धडबी काढ की बाई. नुसती शिंगं काय कामाची?’

१० जुलै

बेंदराला काकीनं आणलेली मातीची बैलजोडी अजून देव्हाऱ्यापाशी आहे. शिंगं बघायला उचलली. कुंभारानं चिमटीनं ओढलेली, बोटाच्या पेराएवढी. कुठल्याही गावची म्हणून खपतील. सुखी आहेत.

रविवारी मिरजेत ग्रुपची भेट. पुस्तिका वाटायच्या. लालासाहेब येणार म्हणतात का, असं रेश्माला अगदी सहज विचारलं. ‘ते? चार भेटी झाल्या, एकदाबी न्हाईत आले. पर यंदा राग आलाय, येतीलबी.’

जाऊ नये. ताप आला म्हणावं. पण चित्र माझं आहे ना! मी नाही गेले तर ते नुसतंच चुकलेलं चित्र उरेल.

१३ जुलै

गेले. विटा-मिरज एसटीत तीन वेळा उतरायचं ठरवलं.

स्टेशनजवळ एका क्लासची खोली रेश्मानं मागून घेतली होती. ती उंब्रजहून आली, प्रत्यक्षात माझ्याहून बुटकी आणि आवाज दुप्पट. मला बघितल्या बघितल्या मिठीच मारली. एकोणीस माणसं. लालासाहेब नव्हते. मी श्वास सोडला.

लवकर सोडला. जयराजनं पिशवीतून काळे मार्कर काढले. म्हणाला, ‘शंभर बैलं हायती, दुरुस्त करू. लालासाहेबांनी फोटो धाडलाय, तसं गिरवायचं.’ सगळे हसत, भेळ खात बसले शिंगं बदलायला. खरं तर मजाच होती. कुणी रागावलं नव्हतं. ‘चित्रकारानं पैली काढायची!’ म्हणाले आणि मार्कर माझ्या हातात दिला.

सगळे बघत होते. फोटो समोर होता. आणि हातानं काय करावं? बाहेर फाकवलं, आत वळवलं, टोकाला टोक. परत तेच!

 मग जयराज म्हणाला, अगदी साधेपणानं, ‘तुझा हात कुठं शिकला गं?’

पाणी पिऊन येते म्हणाले. पिशवी उचलली, स्टँड गाठला, मिळाली ती एसटी धरली. तासगावपर्यंत मान वर केली नाही. मला लाज वाटली, फार लाज वाटली, आणि राग त्याहून जास्त. त्यांचा कुणाचा नाही, माझाच.

१४ जुलै

रेश्माचे नऊ मेसेज. ‘आगं काय झालं?’ ‘कोण काय बोललं का?’ ‘तुझी प्रत ठेवलीय.’ उत्तर दिलं नाही.

ग्रुप उघडला, खाली गेले. ‘ग्रुपमधून बाहेर पडा’ — लाल अक्षरं. बोट वर धरून बसले. काकीनं हाक मारली म्हणून राहिलं. उद्या.

१५ जुलै

दुपारी अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल. लालासाहेब! रेश्मानं नंबर दिला म्हणे. घाबरून उचलला.

चेहरा दिसलाच नाही. फोन भिंतीला टेकवलेला, समोर कागद आणि दोन हात. ‘रडतीस कशाला पोरी? बस. शिकिवतो. बूड जवळ धर. आता मागं. मागं जाऊ दे बिनघोर. आन् मंग वर.’ किती हळू काढत होते! एका रेघेवर दोनदा थांबले, डोळे मिटून आठवावं तसे.

मी रेघेकडं बघत नव्हते. बोटांकडं बघत होते. टोकं पिवळी, नखांच्या कडेला तपकिरी. हळदीची नव्हेत, तंबाखूची नव्हेत. तेजाबाची, पप्पांच्या बोटांसारखी. साबणानं जात नाहीत, कातडी झडली तरच जातात. आणि मागं भट्टीचा पंखा, घुंऽऽ, एकसारखा. त्या आवाजात मी अठरा वर्षं झोपले आहे.

‘काका, कुठून बोलताय?’

‘आटपाडीतनं. आणि कुठनं?’

मी म्हटलं, ‘मूस तापली असंल काका. बघून या, मी थांबते.’

हात थांबले. पंखा तेवढा चालू. मग म्हणाले, ‘कुणाची गं तू?’

सांगितलं. मग त्यांना विचारलं, खरे कुठं असता. जोरहाट, आसाम. एकोणतीस वर्षं.