चिठ्ठीतलं पुस्तक

४ मार्च २००६

नाशिकहून आलो. डोळे तपासून झाले, चष्मा तीन आठवड्यांनी मिळेल. हर्षदाने सांगितलेलं पुस्तक दुकानात संपलंय, असं तिला सांगितलं. नातीशी खोटं बोललो!

तिची चिठ्ठी खिशातच होती. दुकानदार शिडीवर. वरूनच म्हणाला, ‘बाबा, नाव वाचा.’ मागे कॉलेजची मुलं उभी. चिठ्ठी इंग्रजीत. मला एबीसीडी येते, तीही ओळीने म्हटली तर. चिठ्ठी नुसती वर धरायला काय झालं होतं? पण नाही. घडी न मोडताच परत खिशात घातली आणि म्हणालो, वेब पेजचं द्या. त्याने दोन काढली — एक पातळ, एक जाड. पंचायत समितीत मी शिपाई होतो, इंग्रजी कागद शिक्क्यावरून आणि जाडीवरून ओळखायचो. जाड ते महत्त्वाचं. जाडच घेतलं. कोरं ठेवलंत तर पंधरा दिवसांत बदलून देतो, म्हणाला.

घरात सगळ्यांना वाटतं मला इंग्रजी वाचता येतं. मीच तसं सांगत आलो.

५ मार्च

नवं पुस्तक देवापुढे ठेवलं. पहिल्या पानावर हळद-कुंकवाची पाच बोटं मीच उमटवली. म्हातारी म्हणत होती, बाहेरून लावा. ऐकलं नाही.

जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला मुलगी हवी आहे. वीस तारखेला परीक्षा. पास झाली तर हर्षदा इथेच राहील. नाही तर तिचा बाप तिला भिवंडीला गोडाऊनच्या कामाला नेणार.

९ मार्च

हर्षदा सारखी वहीत उतरवत बसते. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळं कागदावर. मला विचारलं, आजा, या शब्दाचा अर्थ काय? म्हणालो, चष्मा येऊ दे.

१२ मार्च

क्लासच्या उज्ज्वला मॅडमनी पुस्तक पाहिलं. जुनं आहे म्हणाल्या. यात प्रत्येक ओळीला रंग वेगळा सांगावा लागतो. आता सजावट एकदाच एका जागी लिहितात, ती सगळ्या पानांना लागते. त्याला सीएसएस म्हणतात. परीक्षा त्याच्यावर आहे, आणि या जाड्या पुस्तकात त्याचं एक पान नाही.

‘दुकानदाराने फसवलं तुला, आजा,’ हर्षदा म्हणाली.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली!

१३ मार्च

कोणाला न सांगता पुस्तक पिशवीत घालून जव्हारला गेलो. नाशिकची गाडी लागलेली. चढण्याआधी पुस्तक उघडून पाहिलं — पाच बोटं! ओल्या टॉवेलने पुसलं तर सगळं पान लाल. हे कोण परत घेईल? जीपने घरी साखरशेतला परतलो. पित्त झालं म्हणून सांगितलं.

१४ मार्च

होळी. नाचायला गेलो नाही.

२२ मार्च

क्लासने मोखाड्याच्या शलाकाला घेतलं. हर्षदाला नाही. बापाने भिवंडीचा विषय काढला. ती म्हणाली, जूनमध्ये आणखी एक जागा निघणार आहे, तोवर थांबा.

‘मीच कमी पडले,’ म्हणाली.

आता तरी बोलायचं असं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि भाकरी मागितली.

२४ मार्च

अंघोळ करून आलो तर सदरा धुऊन दोरीवर. नाशिकला घातलेला तोच. चिठ्ठी त्याच्याच खिशात होती, तिने घातलेली घडीही न मोडलेली! कपडे हर्षदाने धुतले. जेवायला वाढलं, ताक हवं का विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ मार्च

जव्हार स्टँडवर बसून लिहितोय. चष्मा आणायला नाशिकला निघालो. तिकिटाचे पैसे काढायला खिशात हात घातला, तर नवी चिठ्ठी. पुस्तकाचं नाव मराठी अक्षरांत, पाटीवर लिहावं एवढं मोठं. दोनदा वाचलं. मग एकदा मोठ्याने.