कुंकू जुन्या डिस्कला

कोल्हापूर, खंडेनवमी, २००९. संध्याकाळ.

सकाळी भाऊजींनी पुण्याहून आणलेली एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, माझ्या लॅपटॉपमध्ये बसवली. जुन्या हार्ड डिस्कची घरघर फारच वाढली होती. चांदीच्या पैंजणांची माझी सगळी डिझाइन्स जायची भीती होती. सगळी नीट उतरली. पण ही नवी अजिबात आवाज करत नाही. बंद पडली समजून मी दोनदा मशीनच बंद केलं! भाऊजी हसले. "वहिनी, आत फिरणारं काय न्हायच. आवाज कुठनं येणार?"

पटतं. तरी कान लावतेच.

आत्ता हत्यारांची पूजा झाली. सासूबाईंनी ऐरण, हातोडा, चिमट्यांच्या रांगेत ती जुनी डिस्क मांडली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. लॅपटॉप तसाच कोपऱ्यात. मी म्हणाले, "आत्याबाई, ती गेली कामातनं. आता काम ह्यात हाय."

"व्हय, पण तिनं राबून दाखवलंय. ह्या नव्यानं काय केलंय अजून? पुढच्या वर्षी बघू की."

असा राग आला! मग आठवलं, लग्नानंतर पहिलं वर्षभर त्यांनी मलाही ऐरणीजवळ बसू दिलं नव्हतं.

मीही तेव्हा गप्पच होते. नुसती काम करत राहिले.