गाडीचा कॉलम

१७ नोव्हेंबर २००३, सोमवार

...आणि त्या सकाळीही मी नळाचं पाणी भरलं, स्टोव्हला पिन मारली, चार भाकऱ्या थापल्या, ह्यांच्या डब्यात मेथी भरली, शर्टाचं निघालेलं बटण लावलं. हे म्हणाले, "स्टेशनावरनं जातो, गाडी बघतो." रोजच म्हणायचे. लिहून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण नवी वही उघडली आणि पहिल्यांदा तेच आठवलं. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली.

वही अशासाठी, की कंपनीत हजेरीचा कॉम्प्युटर येतोय. अशा वेळी जबाबदार माणसानं नोंद ठेवावी. टाइम ऑफिसात जबाबदार माणूस मीच. दुसरं कुणी नाहीच. हे गेल्यावर ह्यांच्या जागी मला घेतलं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून वाचून. एकशे साठ माणसं रबराच्या वायसरी करतात आणि ती आली की नाही हे मी लिहिते.

निश्चय: घाबरायचं नाही. मशीनला माणसं ओळखता येत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याहून तेजश्री मॅडम आल्या. सॉफ्टवेअर त्यांचं. गुणी मुलगी. मला काकू म्हणते. दिवसभर विचारत होती: सुट्ट्या, ओव्हरटाइम, ड्रायव्हरांची व्हाउचरं. ड्रायव्हर एका व्हाउचरवर "चहा, साहेबांनी घेतला, मग मीही घेतला" असं लिहितो, ते वाचून पोट धरून हसली. म्हणाली, कॉम्प्युटरात एवढं लिहायला जागा नाही.

जाताना म्हणाली, "काकू, आणखी काही खास नियम आहे का तुमच्याकडे? आत्ता सांगा, लगेच टाकते."

मी म्हणाले, काही नाही.

आहे. गाडीचा कॉलम. ह्यांनी सुरू केलेला. केडगाव, पाटसकडची तीसेक माणसं शटलनं येतात. शटल लेट झाली की दौंड स्टेशनाच्या अलीकडे, आउटर सिग्नलला उभी राहते. आउटरवरून कंपनी समोर दिसते, रूळ ओलांडले की पाच मिनिटं. स्टेशनावरून वळसा घालून वीस. सत्त्याऐंशी साली लेट लागेल म्हणून म्हाळू नावाचा पोरगा आउटरला उतरला आणि त्याचा पाय गेला. तेव्हापासून हे सकाळी स्टेशनावरचा बोर्ड बघायचे, गाडी जेवढी लेट तेवढी मिनिटं मस्टरमध्ये लिहायचे आणि शटलवाल्यांना तेवढी सूट. ह्यांच्यानंतर मी. कुठल्या फाइलीत हा नियम नाही. मॅनेजर बापूसाहेब तर दिवाळीत नवे आले, त्यांना ठाऊकच नाही.

मुद्दामच सांगितलं नाही. सगळंच मशीनला दिलं तर मी कशाला? ते अडतील, मग येतील विचारायला, "मुक्ताबाई, हे कसं करायचं?" मग सांगेन. एक आठवडा. फार तर दोन.

१ डिसेंबर, सोमवार

मशीन सुरू. बापूसाहेबांनी नारळ फोडला. झाडूवाल्या कुशाबाईनं कार्ड लावून बघितलं आणि म्हणाली, "आगं बया, हिला तर माझ्यापरीस जास्त उजेड पडतो." सगळे हसले. मीही.

गाडी वीस मिनिटं लेट होती. बोर्ड बघायची सवय सुटत नाही. मशीननं अठ्ठावीस जणांना लेट लावलं. मनात म्हटलं, आलं अडचणीत.

बापूसाहेबांनी नोटीस लावली. तीन लेट म्हणजे अर्धा दिवस गेला. आणि जानेवारीत सहा माणसं कमी करायची आहेत, ती मशीनची यादी बघून.

रबराच्या प्रेसवरचे पोपटराव आले. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचे. वडापच्या जीपनं केडगाव, तिथून शटल. ह्यांचे मित्र. "बाई, गाडीचा कॉलम न्हाई व्हय मशिनीत?"

मी म्हणाले, बसेल. माझं चाललंय.

"सायबास्नी आमी सांगू का?"

मी म्हणाले, तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्यानं घोळ होईल. मी बघते.

"तुमी बघता म्हंजी झालं," म्हणाले आणि गेले. बाकीच्यांनाही त्यांनी तसंच सांगितलं. माझ्या शब्दाला किंमत आहे.

६ डिसेंबर, शनिवार

अर्धी रजा. विहारात गेले. गर्दी होती तरी कोपऱ्यात बसायला मिळालं. ह्यांना मनातल्या मनात मशीनबद्दल सांगितलं. कॉलमबद्दल सांगायचं राहिलं.

१० डिसेंबर, बुधवार

कुणी विचारायला आलं नाही. घाई नाही. गाडी पंचवीस मिनिटं लेट. मशीनवर लेट फक्त नऊ. बाकीच्यांनी काहीतरी सोय केली असेल. मोटारसायकली स्वस्त झाल्या आहेत, पेपरात रोज जाहिरात असते.

१८ डिसेंबर, गुरुवार

गाडी चाळीस मिनिटं लेट. मशीनवर लेट: एकही नाही.

दोनदा बघितलं. बापूसाहेब स्वतः आले, म्हणाले, "बघा मुक्ताबाई, मशीननं शिस्त लागते." मला बरं वाटलं. शेवटी टाइम ऑफिस माझं आहे.

कुशाबाई झाडताना बडबडत होती. "ह्या शटलवाल्यांच्या पँटींना कुसळं कशी वो बाई? रस्त्यानं येनाऱ्याला कुसळं लागत न्हाईत." मी म्हणाले, तू केर काढ. म्हणाली, "केरच काढतीया. किलोभर कुसळं निघाली."

टाइम ऑफिसच्या खिडकीतून आउटर दिसतो. थंडी फार आहे, म्हणून खिडकी लावून घेते.

२७ डिसेंबर, शनिवार

पोपटराव लंगडत होते. विचारलं तर म्हणाले, "खडीवर पाय मुरगाळला." खडी कुठली ते मी विचारलं नाही. सध्या रस्त्यांची कामं सगळीकडे चालू आहेत.

हळूच म्हणाले, "बाई, झालं का तुमचं बोलनं? म्हातारपनी माकडावानी उड्या माराय लावल्यात तुमच्या मशिनीनं." आणि हसले. मीही हसले. मग म्हणाले, "दादा असते तर..." आणि थांबले. ह्यांना ते दादा म्हणायचे.

राग आला. मी काय करतच नाही का? नवीन वर्ष लागलं की सांगणार आहे. पक्कं. दोन तारखेला.

२ जानेवारी २००४, शुक्रवार

साहेब पुण्याला गेले होते.

५ जानेवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं! मला वाटलंच होतं. दुपारी बोलावणार हे शिपायानं सकाळी सांगितलं, म्हणून डबा खाल्ला नाही, काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. आधी ह्यांच्याबद्दल दोन वाक्यं, मग म्हाळू, मग कॉलम. आढेवेढे घेऊन सांगायचं, एकदम नाही.

आत गेले. साहेब म्हणाले, "त्या कपाटातली जुनी मस्टरं काढून टाका. तिथं प्रिंटर ठेवायचाय."

एवढंच. कागद हातात होता. विचारलं असतं तर वाचून दाखवला असता. न विचारता कसं सांगायचं? आपलीही काही किंमत आहे.

मस्टरं गोडाऊनला पाठवली. अठरा वर्षांची. निम्म्याहून जास्त ह्यांच्या अक्षरात.

१२ जानेवारी, सोमवार

धुकं. स्टेशनावर पोचले तर पलीकडचा फलाट दिसत नव्हता. गाडी पस्तीस मिनिटं लेट. सगळे कंपनीत वेळेवर. पोपटराव सात अठ्ठावन्न. मशीन सेकंदसुद्धा दाखवतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दोन पेरू आणून ठेवले टेबलावर. कॉलमचं काही विचारलं नाही. इतके दिवस विचारत होते, ते बरं होतं.

ठरवलं. बोलावणं येवो न येवो, साहेबांना सांगायचं. ह्या आठवड्यात. बुधवारी मीटिंग असते, गुरुवारी ते मोकळे असतात. गुरुवारी.

१४ जानेवारी, बुधवार

धुकं. गाडी तीस मिनिटं लेट.

सव्वाआठला कुशाबाई धावत आली. खिडकी तिनंच उघडली. धुकं जरा विरळ झालं होतं. आउटरला शटल उभी होती आणि रुळात माणसं गोळा झाली होती. शेजारच्या लाइनवरून एक्स्प्रेस गेली होती. धुक्यात दिसली नाही.

पोपटराव.

मशीनवर त्यांच्या नावापुढे गैरहजर आलं.

१९ जानेवारी, सोमवार

चार दिवस वही उघडली नाही.

गुरुवारी साहेबांना सांगितलं. कागद नेला नाही. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "मला माहीतच नव्हतं हो. कुणी सांगितलं असतं तर केलं नसतं का?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी माझ्यासमोर पुण्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तेजश्री मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काकू, हे पाच मिनिटांचं काम आहे. तेव्हा विचारलं होतं ना मी?" मी म्हणाले, विसरले. फोन ठेवला. वहीतही तेच लिहायचं म्हणून घरी आले. लिहिता आलं नाही. तशीच झोपले.

आता मशीनमध्ये गाडीचा कॉलम आहे. गेटवरचा वॉचमन स्टेशनला फोन करतो आणि मिनिटं भरतो. त्याला शिकायला एक सकाळ लागली. मला कुणी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही उरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी रजा टाकली, शिरूरची एसटी पकडून न्हावऱ्याला उतरले आणि पोपटरावांच्या बायकोला, रंभाला सांगितलं की मॅडमनी विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले होते.