टपावरची गळती

४ सप्टेंबर, सकाळी ७
निश्चय: दसऱ्याला मिनीबस घेऊन निघायचं. ह्यांनी रिटायर झाल्यावर घेतली, आत बेड आणि ओटा बसवला आणि जानेवारीत गेले. तेव्हापासून गाडी दारात. टप गळतो, पंख्याच्या झरोक्यापाशी. काकासाहेबांचा, म्हणजे धाकट्या दिरांचा, वैजापूरहून फोन. "वहिनी, दसऱ्यापर्यंत गळती थांबली नाय तर गाडी मी नेणार. सडण्यापेक्षा कांदे तरी वाहील." मान्य केलं. किरकोळ काम. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे.

५ सप्टेंबर
मेकॅनिक पुंजाराम टपावर चढला. म्हणाला, "म्याडम, हे साहेबांनी भरलेलं सिलिकॉन समदं खरवडा. त्याच्यावर दुसरं काय बी धरत नाय." चहा देऊन वाटेला लावला. फटी बुजवायच्या सीलंटांचा तक्ता केला. ब्यूटिल टेप निवडली.

१२ सप्टेंबर, पाण्याचा दिवस
नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे परीक्षाही आठ दिवसांनी. टपावर पाइप धरला. शेजारच्या द्वारकाबाई कुंपणावरून, "लोकाला प्यायला पाणी नाय अन् ह्या गाडीला न्हाऊ घालतात!" दुर्लक्ष केलं. गळली. टेप उत्तम आहे, नळाला दाब जास्त होता. द्वारकाबाईंचे दोनच हंडे भरले म्हणे.

२० सप्टेंबर, पाण्याचा दिवस
पीयू सीलंट. केळ्याची साल निघावी तसं निघालं. दुकानदाराला फोनवर सुनावलं. पुंजाराम न बोलावता आला. "एक तासाचं काम हाय. ब्लेडनं काढतो." परत पाठवला. जुन्या सिलिकॉनवर ह्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. रेषान् रेष दिसते. म्हणजे दाबून भरलंय. काम पक्कं आहे. खरवडायचं कारण नाही.

२८ सप्टेंबर, पाण्याचा दिवस
डांबरी लेप. सगळीकडे जाड थर, ठशाची जागा तेवढी सोडून.
गळती तिथूनच. अपेक्षित नव्हतं.

६ ऑक्टोबर
पाणी आलं नाही. परीक्षा रद्द. म्हणजे नापास नाही.

११ ऑक्टोबर, दुपारी ३
परतीचा पाऊस. निरीक्षणासाठी बेडवर आडवी झाले. तासभर. थेंब फक्त ह्यांच्या बाजूला पडतो. माझी बाजू कोरडी. म्हणजे निम्मी गळती थांबली. तिथे पातेलं ठेवलं. पातेल्यात पडलं त्याला गळणं म्हणता येत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
काकासाहेब सकाळीच आले. सोनं दिलं, शिडी लावून टपावर गेले. बराच वेळ वाकून होते. खाली उतरल्यावर विचारलं, "तो अंगठा दादाचा ना?" हो म्हटलं. आत गेले. पातेलं अर्धं भरलेलं. ते उचलून दाराबाहेर ओतलं, परत जागेवर ठेवलं. म्हणाले, "गळत नाय, वहिनी."
मी म्हटलं, "मी तेच म्हणतेय."
"मग निघा की."
ठरल्याप्रमाणे बॅग ठेवली. द्वारकाबाई हळदकुंकू घेऊन आल्या, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवला. मी किल्ली फिरवली.
पुन्हा फिरवली.
काकासाहेब खिडकीशी आले. गाडी शेवटची कधी चालू केली होती, म्हणाले.
जानेवारीत. ह्यांनी.
लिंबू अख्खाच राहिला. द्वारकाबाईंनी तो सरबताला नेला.